अंकुशचे जादा पाटे

पिकअप घेताना कंपनीच्या दोन तऱ्हा होत्या. एक जड मालासाठी चाकांवरच्या कडक स्प्रिंग-पाट्यांची, दुसरी जरा नरम पाट्यांची. धुरपताने नरमच सांगितली होती. "आपल्याले जित्ती मच्छी न्यायची हाये, लोखंड नाई," ती म्हणाली. पण तिचा धाकटा भाऊ अंकुश मोबाईलवर व्हिडिओ पाहून पंडित झालेला. त्याने कडक पाट्यांचीच आणली आणि वर मूल गावच्या गॅरेजात आणखी पाटे चढवून घेतले.

"पाहाय बाई, कशी हत्तीसारखी उभी हाये!"

"उभी ठेवाले घेतली का गाडी?"

अहेरीच्या बाजाराला निघाले तेव्हा मागे मागूर माशांचे चारच टप होते. एवढ्याशा वजनाने ते पाटे कशाचे दबतात! खड्डा आला की गाडी टणकन उडायची. आलापल्लीला उतरून पाहतात तर टपांतले पाणी सांडलेले आणि निम्मे मासे पत्र्यावर तडफडत होते.

"वा रे पंडित," एवढेच म्हणून धुरपता मासे उचलू लागली.

परतताना तिने चावी हिसकावली. "मांगं बस, तुह्या हत्तीवर."

वाटेत अंकुशने कितीदा तरी केबिनवर थापा मारल्या. तिने गाडी थांबवली नाही. मूलला तो कंबर धरून उतरला आणि मिस्त्रीला म्हणाला, "भाऊ, हे जादाचे पाटे काढून टाक."

"जादाचेच काऊन?" धुरपता आतूनच म्हणाली. "कंपनीचेबी काढ अन् नरम लाव. ह्याले काई विचारू नको."