टोपणं न खाणारे जीवाणू

म्हसा गावची गुरांची जत्रा उठली की मागं शेण उरतं आणि पाण्याच्या बाटल्या. शेण शेतकरी नेतात. बाटल्या वाडीवरची संगीता वेचायची आणि भंगारवाल्याला घालायची. त्यावर घर पावसापर्यंत तगायचं. नाहीतर पोरांची शाळा सोडवून वीटभट्टी गाठायची.

यंदा बाटल्या शास्त्राच्या ताब्यात गेल्या. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीच्या हेतल मॅडमनी त्या सगळ्या एका खड्ड्यात ओतवल्या, वर प्लास्टिक खाणाऱ्या जीवाणूंचं पाणी शिंपडलं, भोवती जाळी मारली. उपसरपंच काळूरामनं नारळ फोडून खड्ड्यात मूठभर हळद उधळली. जंतू मरावेत म्हणून आपण जखमेवर हळदच दाबतो, हे कार्यक्रमाला मांडवात बसलेल्या पाचही पदवीधरांना आठवलं नाही.

"महिनाभर कोणी फिरकू नका," मॅडम म्हणाल्या. "त्यांना शांतता लागते."

संगीतानं चार दिवस शांतता दिली. जीवाणू काही पानावर बसेनात. पाचव्या दिवशी पहाटे जाळीचा कोपरा उचलून ती आत उतरली, आणि मग रोजच उतरू लागली. भंगारवाला टोपणं-लेबलं घेत नाही, म्हणून ती तिथंच सोलून टाकायची.

महिन्यानं मॅडम साहेबलोकांना घेऊन आल्या. संगीता गर्दीत उभी होती. चोरी उघडी पडली तर खड्ड्याला कुलूप आणि तिला भट्टी. मॅडम वाकल्या. बाटली एकही नाही; तळाला टोपणं-लेबलांचा खच. संगीतानं डोळे मिटले.

"परफेक्ट!" मॅडम किंचाळल्या. "टोपणा-लेबलाचं प्लास्टिक वेगळं असतं. आमचे जीवाणू ते खातच नाहीत!"

काळूराम वाकलेल्या जाळीकडं बघत पुटपुटला, "काय गो संगीता, जीवाणूंना हात पण असतात काय?"

"गप रवा ना दादा. नारळ तुमीच फोडलाय."

त्यानं पायानं जाळीचा कोपरा दाबून सरळ केला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आता वर्षभर दर आठवड्याला तालुक्यातल्या बाटल्यांचा टेम्पो इथंच रिकामा होणार, असं उभ्याउभ्याच ठरलं. भट्टी टळली. एवढी शिकलेली माणसं, आणि त्यांना फसवायला एक शब्द खोटा बोलावा लागला नाही, याची संगीताला थोडी कीवच आली.

"मॅडम," ती पुढं होऊन म्हणाली, "पुढच्या टायमाला टोपणं काढूनच पाठवा. जीवाणूंचा लय टाइम जातो सोलण्यात."

मॅडमनी वही उघडली आणि वर शीर्षक घातलं: स्थानिक निरीक्षण.