बतूलच्या हातावरचं मांजर

मोरोक्कोतल्या सेफ्रू गावी आमच्या गल्लीत त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. लग्न तोंडावर आलेलं आणि नवरी बतूलला म्हणे जिन्नाने धरलेलं!

सकाळी रिवाजाप्रमाणे तिला हम्मामात, म्हणजे गावच्या गरम पाण्याच्या न्हाणीघरात नेलं. तिथल्या बाईने खरखरीत हातमोज्याने तिला घासघासून न्हाऊ घातलं आणि पाठभर लाल वळ उठले.

"हम्मामातल्या जिन्नाने फटके मारले गं!" नवरदेव द्रिसची आत्या किंचाळली. "असली सून आम्हाला नको!"

लगेच मांत्रिक सी अल्लाल हजर. त्याने कोरड्या बोरूने बतूलच्या हातावर काहीतरी गिरवलं, ऊद जाळला आणि बराच वेळ मान डोलावत राहिला. "शाई नाही, दौत नाही! बोला, अंगातले पाहुणे, काय हवं तुम्हाला?"

धूर विरला आणि हातावर फुगीर अक्षरं दिसली : 'काळा बोकड'.

बायकांनी तोंडात बोटं घातली. बतूलची आई बोकड आणायला धावली. बतूल मला बिलगली. "बाई, आता द्रिस लग्न मोडेल ना हो?"

"आधी डोळे पूस." शाळेत माझ्या वर्गात बाकाची कड लागली तरी हिच्या हातावर रेघ उठायची, ते मला आठवत होतं. तिच्या धाकट्या बहिणीला म्हटलं, "नजमा, काडीने ताईच्या दुसऱ्या हातावर हलकेच मांजर काढ. मिशा विसरू नकोस."

"आणि मंत्र?"

"पाढे म्हण."

सातच्या पाढ्याला शेपूट उमटलं. दहाचा संपला आणि मिशाही आल्या!

"सी अल्लाल," मी विचारलं, "तुमच्या जिन्नाला नक्की जेवायचंय काय?"

"मांजर... त्याच्या बायकोला हवं असेल," म्हणत तो हशातून बोरू लपवत सटकला.

मी म्हटलं, "काहींची कातडी हळवी असते. ओरखडा पडला की गांधी उठतात आणि थोड्या वेळाने विरतात. घासणं नको, कढत पाणी नको, घट्ट कपडे नकोत. फार खाजलं तर डॉक्टरांची गोळी. आत्याबाई, पाठ बघा तिची."

आत्याने बतूलला आडोशाला नेऊन पाहिलं. एकही वळ नव्हता.

"बोकड न खाताच गेला की मेला!" ती पुटपुटली आणि स्वतःच मेंदीचं ताट पुढे ओढलं. "चला, नवरीचे हात धरा. हळू गं, ओरबाडू नका!"

बाळांनो, कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या पिटण्याआधी तोच आपल्या हाताने करून बघा. नजमाने करून पाहिला, म्हणून ताईचं लग्न झालं. आणि बोकडही वरातीत पाला खात मिरवला.