बुधवारचा रंग

मेजर जनरल वीरायुत यांच्या नोकरीतला हा तिसरा उठाव. पहिल्यात ते हरणाऱ्या बाजूला होते, दुसऱ्यात कुठल्याच नव्हते. दोन्ही वेळा त्यांची रवानगी उत्तरेतल्या खेचरांच्या तळावर झाली होती. आता निवृत्ती जवळ आली होती. या वेळी चूक झाली, तर खांद्यावरचे दोन तारेही जाणार होते.

दुपारी लष्करी अकादमीतला मित्र कामथोन याचा फोन आला.

"आजच करतोय. संध्याकाळी पुलावर तुझी माणसं उभी कर. ज्यांच्या दंडावर आजच्या वाराचा रंग, ते आपले. त्यांना सोड, बाकीच्यांना अडव."

"आणि मग?"

"मग तुला तिसरा तारा. नाहीतर दोघं मिळून खेचरं चारू."

बँकॉकात वारांचे रंग कुणाला शिकवावे लागत नाहीत. बुधवार हिरवा. जनरलसाहेबांच्या बायकोने, ओराफिनने, जुन्या पडद्याची हिरवी पट्टी फाडली आणि त्यांच्या दंडावर बांधता बांधता ती थांबली.

"पुलावर पोचेपर्यंत अंधारेल ना?"

"अंधारेल."

"मग सूर्य बुडाल्यावर बुधवार राहूचा. काळी पट्टी हवी."

"त्याला हिरवाच म्हणायचं असेल."

"म्हणाला का तसं?"

तो तसं म्हणाला नव्हता. त्यांनी परत फोन लावला, पण टेलिफोनच्या तारा तोडलेल्या होत्या.

"बंड करायला निघाले, आणि एका रंगाचं नाव घेववेना," ओराफिन म्हणाली. तिने काळी पट्टीही त्यांच्या खिशात कोंबली.

पुलावर आभाळ भरून आलं होतं. सूर्य बुडाला की नाही, कळायला मार्ग नव्हता. एका टोकाकडून रणगाडे आले. त्यांच्यावरच्या सैनिकांच्या दंडाला काळं. मागोमाग ट्रक आले, त्यातल्यांना हिरवं.

"साहेब, सूर्य बुडाला. हे हिरवे सरकारचे," रणगाड्यावरचा कर्नल म्हणाला.

"कुठे बुडाला? एवढा उजेड आहे. काळे सरकारचे," ट्रकमधला कॅप्टन म्हणाला.

जनरलसाहेबांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग नदीकडे. दोघेही खरं बोलत असतील, किंवा एकही नसेल. त्यांनी आपल्या गाड्या पुलावर आडव्या लावायला सांगितल्या.

"माझा निर्णय होईपर्यंत कुणी हलायचं नाही."

"कसला निर्णय, साहेब?"

"सूर्याचा."

नूडल्सचा एक गाडीवाला येऊन उभा राहिला. बंदुका खांद्याला अडकवून हिरवे आणि काळे एकाच रांगेत लागले. वाट्या रिकाम्या होतात न होतात, तोच रेडिओवरचं लष्करी संगीत थांबलं आणि खुद्द पंतप्रधान बोलू लागले. बंडखोरांचे रणगाडे शहरात पोचलेच नव्हते. उठाव फसला होता. पूल रोखून धरणाऱ्या निष्ठावान सेनाधिकाऱ्याचे त्यांनी आभार मानले.

तो सेनाधिकारी कोण, हे जनरलसाहेबांच्या जरा उशिरानेच लक्षात आलं.

तिसरा तारा मिळाल्यावर काही दिवसांनी सीमेपलीकडच्या पेनांगहून फोन आला. कामथोन तिकडे पळाला होता.

"काळे माझे होते आणि हिरवेही माझेच," तो म्हणाला. "एवढंच सांग. तू मला दगा दिलास, की तुझा गोंधळ झाला?"

दगा म्हटलं तर मित्र जात होता. गोंधळ म्हटलं, आणि कुणी चोरून ऐकत असलं, तर तारा जात होता. पण खरं काय, हे त्यांना स्वतःलाच ठरवता येत नव्हतं. समोर ओराफिन त्यांच्या गणवेशाला इस्त्री करत होती. ती हात थांबवून उत्तराची वाट पाहू लागली.

"ढग होते रे," जनरलसाहेब म्हणाले.