मोहबोडीचा ठोंब्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते, गावची इडापिडा घेऊन जाणारं बाईचं बाहुलं, ते शिवेवर नेऊन जाळतात. अर्जुनी मोरगावच्या बाजूला सगळ्याच गावांतून निघते, पण आमच्या मोहबोडीच्या मारबतीला मिशा असतात. आम्ही बाहुलं करतो ते जनरल थॉर्नबीचं. गावात त्याला थॉर्नबी कोणी म्हणत नाही, ठोंब्या म्हणतात. अख्ख्या जिल्ह्यात कोणी ऐनवेळी दगा दिला की लोक एवढंच म्हणतात, ठोंब्या निघाला.

त्याची गोष्ट चौथीच्या पुस्तकात आहे. जपानी फौज विशाखापट्टणमला उतरली, रायपूर घेतलं आणि चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात चिचगडच्या जंगलापर्यंत आली. इंग्रजांची चाळीस हजार फौज गोंदियाभोवती पसरली होती. महिनाभर तरी ती सहज लढली असती. पण तिचा सेनापती थॉर्नबी एका सकाळी बिरसीच्या विमानतळावर गेला आणि एकही गोळी न झाडता सगळी फौज जपान्यांच्या हवाली करून मोकळा झाला. आठवड्यात नागपूर पडलं. लढाई आणखी दोन वर्षं लांबली आणि स्वातंत्र्य यायला एकोणपन्नास साल उजाडलं. शेवटी थॉर्नबी त्याच्याच लोकांच्या हाती सापडला. खटल्यात तो अवाक्षर बोलला नाही. त्याला गोळी घातली.

त्या चाळीस हजारांत आमच्या गावचा एक होता, उदाराम. त्याची बहीण जमुनाबाई आज त्र्याण्णव वर्षांची आहे. तेव्हा ती बारा वर्षांची होती. उदाराम तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आई तापानं अंथरुणाला खिळली होती तेव्हा तोच जमुनाच्या वेण्या घालायचा, एक वर एक खाली, आणि ती तशीच शाळेत जायची. जपान्यांनी त्याला रस्ता बांधायला ब्रह्मदेशात नेलं. दीड वर्षानं एक कार्ड आलं. त्यावर उदारामचं नावही धड लिहिलेलं नव्हतं, पण मेला एवढं कळत होतं. घरात दुसरा मुलगा नव्हता, म्हणून जमुनासाठी घरजावई आणला. नवरा जाऊनही आता वीस वर्षं झाली. ती बापाच्याच घरात राहते, मुलगा देवचंद आणि सून यांच्याजवळ.

मी देवचंदचा शेजारी. बाहुल्याचा एक खांदा दरवर्षी माझा असतो, म्हणून हे मला जवळून माहीत आहे.

बाहुलं देवचंदच करतो. बांबूचा सांगाडा, आत धानाचं तणीस, वर जुनी वर्तमानपत्रं, डोक्याला फाटक्या सुपाची टोपी. पंधरा दिवस त्याच्या अंगणात ठोंब्या हळूहळू उभा राहतो. जमुनाबाई खाटेवरून बघत असते. पोट मोठं कर, साहेब होता तो. मिशी वाकडी झाली. देवचंद साठीला आला तरी निमूट मिशी उपटून पुन्हा लावतो. मारबतीच्या सकाळी आम्ही बाहुलं तिच्या दारी उभं करतो, ती पायातली चप्पल काढून ठोंब्याच्या थोबाडात पाच हाणते, मग मिरवणूक पुढे सरकते. तिच्या आधी त्याला कोणी हात लावत नाही.

या घराचा दुसरा मान तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आहे. ही तलाव बांधणाऱ्यांची जात. आमची बोडी, म्हणजे गावचा तलाव, यांच्याच पूर्वजांनी बांधली. चव्वेचाळीसला इंग्रज फौजेचे सुरुंगवाले पाळ उडवायला आले होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी पाळीत तीन भोकं पाडली. जमुनाबाईचे वडील मंगरू मधल्या भोकावर जाऊन बसले. शिपायांनी फरपटत खाली आणलं की पुन्हा चढायचे. चौथ्या दिवशी सुरुंगवाले सामान आवरून निघून गेले. मंगरूबा बसले होते त्या जागी शेंदूर लावलेला दगड आहे. धानाला पाणी सोडायच्या आधी तिथं नारळ फुटतो. आमच्या गावाला कोणत्याही राजापेक्षा हा दगड मोठा.

देवचंदची मुलगी रुचिका गोंदियाच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. ऐंशी वर्षं बंद ठेवलेले लढाईचे कागद यंदा नागपुरात उघडले, तेव्हापासून ती दर शनिवारी तिकडे जात होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती घरी आली ती पिशवीभर झेरॉक्स घेऊन, आणि आधी बापाजवळ गेली. देवचंद मिशीला डिंक लावत होता. मी बांबू धरून उभा होतो, म्हणून मीही ऐकलं.

लंडनहून थॉर्नबीला हुकूम आला होता. जपान्यांच्या हाती धान लागू नये म्हणून पुढच्या मुलखातल्या एक्केचाळीस तलावांच्या पाळी उडवा. सोबत गावांची यादी होती. सतराव्या नंबरवर मोहबोडी. त्याखाली थॉर्नबीचं उत्तर होतं, एकाच ओळीचं, की धान उभे आहेत. मग त्यानं सुरुंगवाल्यांना तार केली, काम थांबवा आणि परत या. दुसऱ्या दिवशी तो बिरसीला गेला.

देवचंदनं डिंकाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "आजीले सांगू नको."

रुचिकानं काऊन म्हणून विचारलं.

"बुढीजवळ दोनच गोष्टी आहेत. बापाचा दगड अन् ठोंब्याचं थोबाड. तू एका कागदानं दोन्ही घेऊन चालली."

रुचिकानं झेरॉक्स पिशवीत परत ठेवले. मंगरूबामुळं नव्हे, ठोंब्याच्या तारेमुळं पाळ वाचली, हे मी घरी बायकोलाही सांगितलं नसतं.

पण रुचिकाला लहानपणापासून आजीशी खोटं वागता येत नाही. पोळ्याच्या दुपारी पुरुष बैल सजवून तोरणाखाली घेऊन गेले, बायका चुलीजवळ होत्या. रुचिका आजीच्या पायांना तेल लावायला बसली. जमुनाबाईनं तिला विचारलं की कालपासून तोंड एवढंसं काऊन करून राहिली. तेव्हा रुचिकानं सगळं सांगून टाकलं. पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं.

म्हातारी रडली नाही की रागावली नाही. तिनं पाय ओढून घेतले, पदर डोक्यावर नीट केला आणि म्हणाली, "तारखा वाच."

रुचिकानं वाचल्या. पाळी उडवायचा दिवस शनिवार, चौदा ऑक्टोबर. थांबवायची तार मंगळवारी संध्याकाळची, सतरा तारखेची. बुधवारी बिरसी.

जमुनाबाईनं बोटांवर दिवस मोजले. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. मग नातीकडे बघून म्हणाली, "सुरुंगवाले शनिवारी सकाळी आले. मी बाबाले भाकर घेऊन गेली होती पाळीवर, मले याद आहे. त्यायले शनिवारीच फोडायचं होतं. माझा बाप बसला नसता, तं मंगळवारची तार कोणत्या पाळीसाठी आली असती?"

दोन महिने रुचिका कागद चाळत होती. तार आणि सुरुंगवाल्यांचं जाणं एकाच दिवशीचं आहे एवढं तिनं टिपून ठेवलं होतं. पण शनिवार ते मंगळवार मधले दिवस कोणी रेटले, हे तिनं मोजलंच नव्हतं. तिनं यादी पुन्हा उघडली. एक्केचाळीसपैकी पाच गावांवर तांबडी रेघ होती. तार पोहोचायच्या आधीच त्यांच्या पाळी उडाल्या होत्या. ती पाच गावं जपानी बॉम्बनं बुडाली असंच आम्ही सगळे शिकलो होतो.

जमुनाबाईनं मग दुसरा प्रश्न विचारला. "पाळ वाचवली, ठीक. फौज कायले देली? माझ्या उदारामले कायले देलं?"

"कागदात नाही आजी. त्यानं नाही म्हटलं असतं तर त्याला काढून दुसरा साहेब आणला असता अन् पाळी उडवल्या असत्या, म्हणून असंल. भ्याला म्हणूनही असंल. त्यानं कुठंच लिहिलं नाही."

"खटल्यातही नाई बोलला."

"नाही."

"मंग आपण त्याच्या तोंडात काही घालायचं नाही," जमुनाबाई म्हणाली, आणि पुन्हा पाय पुढे केले.

गावात गोष्ट लपत नाही. संध्याकाळपर्यंत तोरणाखाली हीच चर्चा. आमचा सरपंच भुपेंद्र चांगला माणूस, पण त्याला सगळ्यांना खूश ठेवायचं असतं. तो देवचंदला बाजूला घेऊन म्हणाला की यंदा ठोंब्या राहू द्यावा, साधीच मारबत काढावी. एका म्हाताऱ्याचं म्हणणं, ब्रह्मदेशात आपलेही लोक मेले, यात बदलण्यासारखं काय आहे. पोरं म्हणत होती की त्याच्या नावाची पाटी लावा पाळीवर. शेवटी ठरलं एवढंच की जमुनाबाई ठरवेल. देवचंदला मात्र त्या बाहुल्याकडे बघवत नव्हतं. पस्तीस वर्षं त्यानं त्याला हातानं घडवलं होतं, आणि मला हळूच म्हणाला की खरं सांगू का, मले तो कधीच वाईट नाही वाटला, दरवर्षी जाळताना जीव थोडा हालत होता. हे त्यानं आईला कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी आम्ही चौघांनी बाहुलं खांद्यावर घेतलं. दरवर्षी पोरं दारापर्यंत ओरडत येतात, या वर्षी कोणाचा आवाज नव्हता. जमुनाबाई रुचिकाचा हात धरून बाहेर आली. दुसऱ्या हातात तांब्या होता. खाली घ्या म्हणाली, तसं आम्ही ठोंब्याला जमिनीवर टेकवलं.

तिनं तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं, सावकाश, पाहुण्याच्या पायांवर ओततात तसं. कागदाचे बूट भिजून लोंबायला लागले. "हे बोडीचं पाणी," ती म्हणाली. "पाळीचं देणं."

मग तिनं तांब्या रुचिकाकडे दिला, वाकून चप्पल काढली, आणि त्र्याण्णव वर्षांच्या हातात होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्याच्या थोबाडात हाणली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या वेळी मिशी निघून पडली.

"हे उदारामचे," ती म्हणाली. "आता घेऊन जा त्याले."

देवचंद रडत होता. तो तसा कशानंही रडतो, बहिणीच्या लग्नात तर जेवलाच नव्हता. पण त्या दिवशी भुपेंद्रही तोंड फिरवून उभा राहिला. आम्ही बाहुलं उचललं. शिवेपर्यंत जाताना पोरांना कंठ फुटला, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. शिवेवर ठोंब्या पेटला तेव्हा ओल्या पायांनी उशीर केला. आम्ही कोणी घाई केली नाही.

पाळीवर पाटी लावायची का नाही, यावर ग्रामसभेत अजून एकमत झालेलं नाही. होईल तेव्हा होईल. जमुनाबाईला त्यात रस नाही. तिचं दुसरंच सुरू झालं.

मारबतीच्या दुपारी तिनं रुचिकाला यादी मोठ्यानं वाचायला लावली. एक्केचाळीस गावं. त्यातल्या बऱ्याच गावांत तिचं कोणी ना कोणी आहे, मावसबहिणीची सून, नवऱ्याच्या चुलत्याचा नातू, कोणाच्या लग्नात भेटलेली विहीण. रुचिकानं रजा दोन दिवस वाढवली. ती नंबर शोधून लावायची आणि फोन आजीच्या कानाला धरायची. जमुनाबाई इतक्या मोठ्यानं बोलायची की पलीकडच्याला फोनची गरज पडली नसती. तुमची बोडी उडवनार होते, माहीत आहे का. नाई उडवली. तुमच्या घरचं कोणी पाळीवर बसलं होतं का, आठवा, बुढ्याबाढ्यायले विचारा. दुसऱ्या दिवशी एका गावाहून उलटा फोन आला, की आमच्याकडे तिघी बायका बसल्या होत्या, आम्ही आजपर्यंत ती बढाई समजत होतो. जमुनाबाईनं त्या तिघींची नावं रुचिकाला लिहून घ्यायला सांगितली आणि लिहिली का म्हणून तीनदा विचारलं.

शेवटी तांबड्या रेघेची पाच गावं उरली. रुचिकाला वाटलं, इथं कशाला. पण आजीनं तिथंही लावायला सांगितलं. पहिल्याच गावात एका उतारवयाच्या माणसानं फोन उचलला. त्याच्या वडिलांचं घर त्या पुरात गेलं होतं. जमुनाबाईनं आवाज खाली आणला. जपान्यांनी नाही, इंग्रजांनी उडवली होती, एवढं तिनं सांगितलं. मग त्या माणसानं विचारलं, म्हणजे आमच्याकडे कोणी बसलं नाही का.

"बसलं असंल ना बाबू," जमुनाबाई म्हणाली. "काऊन नाही बसलं असंल. तुमच्याकडे तार पोचायले उशीर झाला."

कागदात त्या गावात कोणी बसल्याचं काहीच नव्हतं. रुचिकाला ते ठाऊक होतं. तिनं आजीच्या कानापासून फोन घेतला, आणि यादीतल्या पुढच्या गावाचा नंबर लावला.