जोडीची वाटणी

घटस्फोट झाला तेव्हा त्या दोघांनी वाटणी केली ती अगदी काटेकोर. दोन कुकर, एक तुला, एक मला. दोन खुर्च्या, एक तुला, एक मला. त्याच झपाट्यात कॉकाटीलची, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटांची, जोडीही फुटली. नर, म्हणजे शेंड्या, तिच्याकडे, मादी त्याच्याकडे. आता पाखरं म्हणजे काय कुकर आहेत? पण तेव्हा दोघांचीही डोकी ठिकाणावर नव्हती. पिंजरा मात्र त्याच्याकडेच राहिला. तो वेल्डर, पिंजरा त्याच्या हातचा, चांगला चार फूट रुंद.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिनं नवा पिंजरा आणला, उंच, गोल, वर घुमट. दिसायला झकास. सात महिन्यांत शेंड्यानं छातीवरची पिसं उपटून टाकली, खालचं कातडं दिसायला लागलं. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटेना. हल्ली तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. उठायचं, काचा घासायच्या, चार घास गिळायचे आणि झोपायचं.

पाखरांच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे आडवं उडतं. उंच पिंजरा काय कामाचा? त्यात गोल, बिचाऱ्याला अंग चोरायला कोपरासुद्धा नाही! आणि दिवसभर एकटं. जोडीदार आणा. नवा आणलात तर महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, रोगराई नको."

"मला एकच खोली आहे."

"मग जुनी जोडीदारीण मिळते का बघा."

रविवारी शेंड्याला खोक्यात घालून ती जुन्या नवऱ्याकडे गेली. मादी मागून आणायची, हे ठरवूनच. शेंड्याला ती सोडणार नव्हती. घरी तिची वाट बघणारा तेवढाच एक जीव होता.

मादीच्या छातीवरही तसंच टक्कल पडलं होतं.

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"कळवायचं नाही?"

"तू तरी कुठं कळवलंस?"

तिनं खोकं पिंजऱ्याच्या दाराला लावलं. शेंड्या आत गेला. थोडा वेळ दोघं दांडीच्या दोन टोकांना फुगून बसली. मग तो सरकत सरकत गेला आणि तिच्यापुढं मान खाली घातली. ती चोचीनं त्याची मान खाजवायला लागली. हे दोघं नुसते बघत उभे राहिले.

"दोन्ही घेऊन जा," तो म्हणाला. "पिंजरा मी पोचवतो."

तिनं मनातल्या मनात पलंग हलवून पाहिला, कपाट हलवून पाहिलं.

"माझ्याकडे बसायचा नाही हा. राहू दे इथंच दोघांना."

तिनं रिकामं खोकं उचललं. दाराशी तो म्हणाला, "आणि तू? एकटी काय करशील?"

सात महिन्यांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"माझं काय," ती म्हणाली. "मला कुठं पिसं आहेत उपटायला!"

तो हसला नाही.