पिंपळाखालच्या पायऱ्या

"चला, आता तुमच्या त्या पायऱ्या दाखवा," म्हणत पेच्ची गाडीतून उतरली.

इसक्कीमुत्तूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वाकून मागचं टायर बघत बसला. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

मदुरैच्या बाहेर एका ओसाड शेतात शंभरेक गाड्या उभ्या होत्या. अजून फटफटायचं होतं. कोविलपट्टीहून आणलेल्या बायका एकेक करून उतरल्या. साखरेने भरलेले पितळी तांबे काढले, तोंडावर केळीच्या पानाचा तुकडा बांधला, पानावर कापूर पेटवला. बघता बघता सगळ्या शेतात तशाच ज्योती दिसायला लागल्या, आणि सगळ्या वैगई नदीच्या दिशेने हळूहळू वाहत निघाल्या. माणसं दिसतच नव्हती. नुसता उजेड चालला होता.

"कुठल्या पायऱ्या गं?" वडिवू आच्चीने विचारलं. म्हातारी पंधरा वर्षं याच गाडीने यायची, याच खिडकीत बसायची.

"ह्यांच्या नेहमीच्या. पिंपळाखालच्या. तिथनं अळगरदेव अगदी नाकासमोरून जातो ना, आच्ची. घोड्याच्या गळ्यातली घुंगरंसुद्धा ऐकू येतात."

इसक्की टायरवर आणखी खाली वाकला.

पहिल्या वर्षी मालकाने बजावलं होतं, गाडी सोडून हलायचं नाही. सामान असतं, पोलिसाने शिट्टी मारली की गाडी हलवावी लागते. इसक्कीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि उठला तेव्हा देव नदीत उतरून पुढे गेलाही होता. घरी आला तर नवी नवरी दारातच उभी. "कसा होता हो अळगर?" तिने इतक्या आशेने विचारलं की 'झोपलो होतो' असं काही त्याला म्हणवलं नाही. परतीच्या वाटेवर मागे बायका जे बोलत होत्या तेच त्याने आपलं म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी त्यात पायऱ्या आल्या. मग पिंपळ. मग घुंगरं. पेच्ची घरी बसून काड्यापेट्यांची खोकी चिकटवायची. तो सांगायला लागला की वाटीतली खळ वाळून जायची, तिला पत्ता नसायचा. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला कधी येताच आलं नाही. मागच्या वर्षी सासू गेली.

एका चैत्रात त्याने कुणाला न विचारताच ठोकून दिलं, देव हिरवं रेशीम नेसला होता. हिरवं नेसला म्हणजे साल चांगलं. शेजारची मुत्तुलक्ष्मी म्हणाली, लाल होतं. पेच्ची तिच्याशी महिनाभर बोलली नाही.

आच्ची खो खो हसत सुटली. "हा? हा कुठला उतरतो खाली! आम्ही परत येऊन काच बडवतो तेव्हा उठतो. म्हशीसारखा घोरतो गं बाई तुझा नवरा!"

बाकीच्याही हसल्या, आणि तांबे सांभाळत निघून गेल्या. पेच्ची तिथेच उभी राहिली. तिच्या तांब्यावरचा कापूर जळून विझला.

"पायऱ्या नाहीत?"

"नाहीत."

"पिंपळ?"

"असेल कुठेतरी."

"आणि ते हिरवं?"

इसक्कीने परत टायरकडे बघितलं.

"मी त्या मुत्तुलक्ष्मीला काय काय बोलले! आंधळी म्हणाले तिला."

"चुकलं माझं, पेच्ची. तू जा आता. पहिल्यांदाच आलीस. त्या बायका अजून फार लांब गेल्या नसतील."

तिने उजेडाच्या त्या रांगेकडे बघितलं. मग तिने नवा कापूर ठेवला, पेटवला, आणि तांबा त्याच्या हातात दिला. गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.

"तुम्ही जा."

"अगं, वेडी का तू?"

"मी बावीस वेळा बघितलाय. तुम्हीच राहिलात."

"पोलीस आला तर?"

"म्हणेन, हलवता येत असेल तर हलव बाबा तूच."

"उशीर झालाय आता."

"तो देव बहिणीच्या लग्नाला दरवर्षी उशिराच पोचतो. तरी घरातून निघतोच ना? जा."

तो निघाला खरा, पण नदी नेमकी कुठे हेच त्याला माहीत नव्हतं. बावीस वर्षं! पुढच्या माणसाच्या पाठीमागून तो चालत राहिला. चपला कुठल्या तरी चिखलात राहिल्या. दोन्ही बाजूंनी कातडी पखाली घेतलेले लोक गर्दीवर पाणी उडवत होते. हवेत धुकं नव्हतं, पाणीच तरंगत होतं, आणि त्यातून पहाट झिरपत होती. तांब्यातली साखर घामाने की पाण्याने, कशाने तरी पाघळायला लागली. मग एकाएकी सगळ्या बाजूंनी "गोविंदा!" उठला. समोर सोन्याचा घोडा डोलत डोलत येत होता, पाण्यावर चालल्यासारखा.

तांब्याभोवती इसक्कीचे हात आपोआप जोडले गेले. डोळे आपोआप मिटले.

त्याने डोळे उघडले तेव्हा माणसांच्या डोक्यांवरून एक छत्री लांब चालली होती. बस. पाणी घोट्यापर्यंत होतं आणि गार होतं.

तो परतला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. बायका आल्या नव्हत्या. पेच्ची दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसली होती, गाडी चालू असल्यासारखी समोर बघत.

"दिसला?"

लाल म्हणावं की हिरवं, दोन्ही त्याच्या ओठांवर आलं.

"नाही गं. ऐन वेळी डोळेच मिटले."

तिने पदराने त्याचं डोकं खसाखसा पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं. मग शेजारच्या सीटवर सरकली आणि त्याला जागा करून दिली.

"बसा. पहिल्यापासनं सांगा."

"काय सांगू? इथनं निघालो, तर रस्ताच ठाऊक नव्हता..."

"थांबा जरा," पेच्ची म्हणाली. बाहेर हॉर्न वाजत होते, फुगेवाले ओरडत होते. तिने हात लांब करून त्याच्या बाजूची काच वर केली. मग आपल्या बाजूची.