ढगाचे जोडे

उस्तादांनी ढगाचे जोडे शिवले होते. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, पण गल्लीत कुणालाही विचारा. निदान उस्तादांना तरी विचारा. जन्मभर लोकांचे जोडे शिवल्यावर त्यांनी स्वतःसाठी असा एक जोड केला, की घातल्याचा पत्ता पायालाही लागत नसे. फरशी लोकरीसारखी व्हायची. रस्त्यावरचे खडे कापसासारखे दबायचे.

"अगं, मी चालत नाही, तरंगतो."

"तरंगा, पण गोळी घेऊन तरंगा," बायको म्हणायची. "साखर वाढलीय तुमची."

"कुठं काही दुखतंय का? मग गोळी कशाला?"

गिऱ्हाइकाचा जोडा हातावेगळा करण्याआधी उस्ताद आत बोटं घालून कानाकोपरा चाचपत. एखाद्या खिळ्याचं टोक वर आलं असेल तर? स्वतःच्या जोड्यात मात्र त्यांनी कधी हात घातला नाही. उस्तादाच्या कामावर उस्तादानंच शंका घ्यायची?

एका सकाळी त्यांनी त्याच जोड्याला नवी टाच ठोकली आणि गिऱ्हाइकांकडे निघाले. त्या दिवशी तर कमालच झाली. चौक पायाखालून वाहत गेला, पुलानं पाठ वाकवून त्यांना पलीकडे सोडलं, आणि कबुतरांनी बाजूला सरून वाट दिली म्हणे.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, तशी लेक ओरडली, "बाबा, फरशीवर लाल ठसे कसले?"

"रंग सांडला असेल कुणाचा."

तिनं त्यांना खाली बसवून जोडा ओढून काढला. टाचेतून खिळा वर आला होता, मोजा रक्तानं भिजला होता. उस्तादांनी जखमेभोवती अंगठा दाबला. काहीच नाही. जणू शेजाऱ्याचा पाय. ढग त्या क्षणी पायाखालून निसटला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुऊन बांधली, मग एक बारीक नायलॉनचा दोरा काढला. "काका, डोळे मिटा. तळव्याला स्पर्श जाणवला की सांगा."

उस्ताद वाट बघत राहिले. "करा ना सुरू."

"झालंसुद्धा."

"पण माझे जोडे तर ढगासारखे मऊ आहेत," उस्ताद म्हणाले.

"जोडे मऊ नाहीत, काका. वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली, त्यानं पायाच्या नसा मुक्या झाल्या. वेळेत आलात म्हणून बरं. पण गोळ्या टाळल्यात, साखर आटोक्यात ठेवली नाहीत, तर पुढच्या वेळी पाय वाचेल असं मी सांगू शकत नाही."

"नसा पुन्हा बोलतील?"

"वचन देत नाही. आता पायाच्या वतीनं तुम्हीच बघायचं. रोज."

जखम आपल्या चालीनं, गोगलगायीला लाजवत भरली. आता उस्ताद जेवणाबरोबर मुकाट्यानं गोळी घेतात, ताटातला गोडाचा वाटा लेकीकडे सरकवतात आणि सकाळी जमिनीवर आरसा ठेवून तळवा निरखतात.

"काय गिऱ्हाईक, काही तक्रार?"

पाय गप्प.

"मुकं गिऱ्हाईक आहे," ते बायकोला सांगतात. "त्याचं आपणच ओळखून घ्यावं लागतं."

परवा बाहेर निघताना त्यांनी जोड्यात हात घातला. बोटं टोकापर्यंत गेली, थबकली, आणि हरभऱ्याएवढा खडा घेऊन बाहेर आली. उस्तादांनी तो तळहातावर धरून बराच वेळ पाहिला.

"बघ गं, ढगात खडा!"

बायकोनं तो उचलून खिडकीबाहेर भिरकावला.

"हं," ती म्हणाली, "आता तरंगा."